शिरोरेघेतले चार मिलिमीटर

मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५, लातूर

काय घडलं, क्रमाने:

१. नांदेडच्या एका छपाईच्या दुकानातून 'महामाया_अंतिम' नावाची फाइल आली. भोकरच्या 'महामाया अभ्यासिके'च्या दारावर लावायच्या ॲल्युमिनियमच्या बोर्डाची अक्षरं. आधी ब्रशने कागदावर लिहिलेली, मग संगणकावर रेघांनी गिरवलेली.
२. फाइल माझ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. अक्षरं दिसली. त्यांना जाडी द्यायला गेले. उठली नाहीत. चुका ४१२.
३. पानाबाहेर एक कप-बशी काढलेली होती. बोर्डाशी संबंध नाही. हटवली.
४. 'महामाया' या शब्दावरची शिरोरेघ मधोमध तीन मिलिमीटर वर उचललेली होती. ती काढून त्या जागी सरळ आयत बसवला.
५. बाकीच्या चुका दुरुस्त केल्या. सव्वादोन दिवस.
६. अक्षरं उठली. मशीनवर सागाची फळी लावली आणि कापली.
७. बोर्ड बाराशे मिलिमीटर रुंद हवा होता. नऊशे झाला.

चूक फाइलची आहे. माप कशात आहे हे फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

बसवंतअप्पांनी फळी उचलून उलटसुलट पाहिली. कारखाना त्यांचा. चाळीस वर्षं त्यांनी लाकडाचे साचे हाताने कोरले. तो साचा वाळूत दाबायचा, काढायचा, पोकळीत ॲल्युमिनियम ओतायचं, असं आमचं काम. गेल्या वर्षी त्यांनी कोरायचं मशीन घेतलं आणि ते चालवायला मला.

"लहान झाला व्हय?" अप्पा म्हणाले. "वाढंल की. पोरीचं नाव हाय, महिन्या-दोन महिन्यांत वाढंल."

फळी अकरा वर्षं सुकवलेली होती. त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

बोर्ड ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, दारावर लागायचा आहे. नाही लागला तर अभ्यासिकेची समिती संगणकाच्या तयार अक्षरांतला फ्लेक्स लावणार आणि मग तोच राहणार. एकदा लागलेला फ्लेक्स कोणी काढत नाही, तो आपणहून फाटतो.


बुधवार, २६ नोव्हेंबर

नांदेडला फोन केला. दुकानदाराचं नाव अश्वजित सोनकांबळे. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, फ्लेक्स. मागे छपाईचं मशीन चालू होतं म्हणून तो ओरडून बोलत होता. मशीन बंद झाल्यावरही ओरडूनच बोलला.

"तुमच्या फाइलमध्ये माप कशात आहे ते लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"मॅडम, कागदावर लिवलंय की. बाराशे. अप्पांकडं दिलाय कागद."

कागद माझ्या टेबलावर होता. पाण्याच्या बाटलीखाली.

"संगणक कागद वाचत नाही."

"तुम्ही वाचत असताल की."

कारण शोधलं. त्याचं सॉफ्टवेअर एका इंचाचे बहात्तर भाग धरतं, माझं शहाण्णव. वाटेत चौथा हिस्सा गळतो. बाराशेचे नऊशे होतात. कापण्याआधी एकदा मोजलं असतं तर दिसलं असतं. कालच्या नोंदीत 'चूक फाइलची' असं लिहिलंय. शाईने लिहिलंय म्हणून खोडत नाही. इथे लिहिते: चूक माझी.

दुपारी त्यालाही तसं कळवलं.

"जाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. "पुरी चूक कुठं हाय तुमची? बाराशेचे नऊशे. फकस्त पाव चूक झाली."

मी फोन ठेवला. हसण्यासारखं होतं, पण कामाच्या वेळेत होतं.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नवीन फाइल आली. नाव: 'महामाया_अंतिम_खरंच'.

माप बरोबर आहे. बाकी तेच. छापणाऱ्याला रेघ दिसली की पुरतं. माझं सॉफ्टवेअर रेघेला कुंपण समजतं. कुंपणाला केसाएवढी फट असली तरी आत काय आणि बाहेर काय हे त्याला ठरवता येत नाही, आणि ठरल्याशिवाय ते जाडी देत नाही. या फाइलमध्ये एकसष्ट फटी आहेत. शिवाय प्रत्येक अक्षर एकावर एक तीनदा चिकटवलेलं आहे. म्हणजे तीन कुंपणं, एकाच जागी.

फोन करून विचारलं, तीनदा का?

"तीनदा ठेवलं की काळं गडद येतं."

"येतं का?"

"न्हाई. पण आमच्या उस्तादानं सांगितलंय."

मी तेवीस मुद्द्यांची यादी पाठवली. त्याने उत्तर पाठवलं: 'दहावीत बी मला एवढा लाल पेन लागला न्हवता.'

पानाबाहेर या वेळी दोन कप. हटवले.


मंगळवार, २ डिसेंबर

'महामाया_अंतिम_मॅडमची_शपथ'.

फटी शून्य. तिहेरी रेघा शून्य. आता एकच दोष. प्रत्येक अक्षराची दांडी शिरोरेघेत दोन मिलिमीटर घुसलेली आहे. कागदावर काळ्यात काळं दिसत नाही. माझ्याकडे मात्र दोन कुंपणं एकमेकांना ओलांडतात आणि मधला तुकडा कुणाचा हे कळत नाही. इंग्रजी अक्षरांत ही अडचण येत नाही, ती सुटी सुटी उभी असतात. आपली अक्षरं एका रेघेला लोंबकळतात.

त्याला म्हटलं, सगळं एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करा. अर्ध्या तासात केलं. फोनवर म्हणाला, "लावून दिलं लगीन सगळ्या अक्षरांचं, रेघंसंगं. आता तुम्ही फकस्त अक्षता टाका."

"फाइल तपासून सांगते."

"तुमच्याकडं कुणी हसत न्हाई का हो मॅडम?"

"अप्पा हसतात."

"मंग ठीक हाय. कारखाना चालू राहील."

पानाबाहेर दोन कप आणि बसायचा एक बाक. हटवले. डिझाइन करणारे लोक पानाबाहेर कचरा ठेवतात, ही त्यांची सवय दिसते. एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. हा कचरा पहिल्या दिवसापासून नीट बंद आहे. एकही फट नाही, दुहेरी रेघ नाही. बोर्डाची अक्षरं एवढ्या काळजीने गिरवली असती तर माझे चार दिवस वाचले असते.


गुरुवार, ४ डिसेंबर

अक्षरं उठली. बाराशे बाय पाचशे, पाटीपासून अक्षरांचा उठाव बारा मिलिमीटर. शिरोरेघ पुन्हा सरळ करावी लागली. खऱ्या मापात तिचा बाक चार मिलिमीटर निघाला. फाइल लहान आली होती म्हणून आधी तीन दिसले होते.

चारी बाजूंनी फिरवून चित्र नांदेडला पाठवलं. अक्षरं लिहिणाऱ्याला दाखवतो म्हणाला. लिहिणारे त्याचेच वडील, ज्ञानोबा पेंटर. अडतीस वर्षं नांदेडात पाट्या रंगवल्या. आता हात थरथरतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास काय तो स्थिर असतो. आठ सकाळी आठ अक्षरं लिहिली, नवव्या सकाळी नावावरची शिरोरेघ. त्यानंतर तो अर्धा तासही गेला.

म्हणजे ही अक्षरं पुन्हा मिळणार नाहीत. मूळ फाइलच्या तीन प्रती करून ठेवल्या.


सोमवार, ८ डिसेंबर

अश्वजितचा फोन. या वेळी मशीन चालू नव्हतं. हळू बोलत होता.

"रेघ बदलली का तुम्ही?"

"सरळ केली."

"बाबा म्हणले, ही माझी रेघ न्हाई."

मी समजावून सांगितलं. चार फुटांत चार मिलिमीटरचा बाक, हा दोष आहे. हात थरथरला असेल, वयात असं होतं. तयार अक्षरांत बोर्ड केला तर तो बाक तसाही राहणार नाही.

मग मी म्हणाले, "तीन जानेवारीला बोर्ड हवाय की रेघ हवीय, ते ठरवा."

"सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला. मॅडम म्हणाला नाही.

मी चुकीचं काही बोलले नाही. वाक्य दोनदा तपासून पाहिलं. बरोबर आहे.


बुधवार, १० डिसेंबर

फाइल आली. नाव: 'महामाया_४'. रेघेचा बाक होता तसा.

फटी नाहीत. दुहेरी रेघा नाहीत. पानाबाहेर काही नाही. एकदम स्वच्छ फाइल. तीनदा तपासली.

भोकरहून समितीचे व्यंकटराव यांचाही फोन आला. राखीव म्हणून एक फ्लेक्स छापायला टाकलाय म्हणाले, वेळेवर गडबड नको. "कोणाकडे टाकलाय?" विचारलं. नांदेडला, अश्वजितकडेच. दुसरं कोण आहे ओळखीचं, असं म्हणाले.

अप्पा चहा घेऊन आले. "काय गं, फाइल बिघडली का?"

"फाइल चांगली आहे."

"मंग तोंड बिघडलंय." बसले. "नांदेडला जाऊन ये. रेघ ज्यानं ओढली त्याला इचार. फोनवर रेघ दिसती व्हय?"

मूळ कागद प्रत्यक्ष मोजणं गरजेचं आहे. त्यासाठी रविवारी जाते.


रविवार, १४ डिसेंबर, नांदेड

चाकूरला, माझ्या गावी, बस दहा मिनिटं थांबली. आईला कळवलं नव्हतं. खिडकीची काच लावून बसले.

अश्वजित उंच आहे. आवाजावरून बुटका वाटला होता. दुकानाच्या मागेच घर. एका भिंतीला नऊ कागद टांगलेले. आठांवर एकेक अक्षर, नववा चार फूट लांबीचा, आडवा. त्यावर फक्त एक रेघ.

ज्ञानोबाकाका खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीखाली दाबून.

"जय भीम, काका."

"जय भीम. सरळ करणारी ती तूच का?" वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस. कुणाची गं तू?"

मी चाकूरचं, बाबांचं नाव सांगितलं. त्यांना बाबा माहीत नव्हते, पण चाकूरच्या एका कापडदुकानाची पाटी माहीत होती. त्यांनीच रंगवलेली. "हाय का अजून?" आहे म्हटलं. "ऊन लागत आसंल. हिरवा उडाला आसंल." उडाला आहे. तेही सांगितलं. खूश झाले.

कागद मोजायला मी पट्टी काढली, तेव्हा शेजारचा फोटो दिसला. साध्या साडीतली बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा. खाली नाव: महामाया ज्ञानोबा सोनकांबळे.

मी पट्टी तशीच धरून उभी राहिले.

अश्वजित आत चहा करत होता. तिथूनच म्हणाला, "आई शाळंत शिपाई होती, भोकरला. परीक्षा आल्या की पहाटे पाचला शाळंची एक खोली उघडायची. ज्यांच्या घरी दिवा न्हाई, जागा न्हाई, ती पोरं-पोरी येऊन बसायची तिथं. हेडमास्तरला ठाव न्हवतं. त्यातलीच चौघं आता समितीवर हायत. व्यंकटराव बी त्यातलेच."

काका म्हणाले, "अडतीस वर्षं गावाच्या पाट्या केल्या. सोनार, शिंपी, दवाखाने, पुढारी. हिचं नाव लिहायचा मोका न्हाई आला. मला म्हणायची, दुसऱ्यांची नावं रंगवून राहिलाव, माझं कवा? मी म्हणायचो, आधी दुकान तर काढ."

मग ८ तारखेला मी फोनवर काय बोलले ते आठवलं. वाक्य बरोबर होतं. माणूस चुकीचा होता. नाही, हेही नीट नाही. बोलणारी चुकीची होती.

चहा आला. कप-बशीच्या काठावर निळी रेघ. फाइलमधल्या कपाला रेघ नव्हती, पण कानाचं वळण तेच.

"रेघ थरथरीमुळे वाकली असं मला वाटलं होतं," मी म्हणाले.

काकांनी मांडीखालचा हात काढून माझ्यापुढे धरला. वर-खाली, वर-खाली. "थरथरनारी रेघ कशी येती? दोन्हीकडं जाती. हिकडं बी, तिकडं बी. ही एकाच बाजूला गेली. एकाच बाजूला जाती ती रेघ आपण नेतो म्हणून जाती, माय."

हे मला कळायला हवं होतं. मोजमापाच्या पहिल्याच धड्यात असतं. मी त्यात पंच्याण्णव मार्क मिळवले होते.

"तू कुठून बघितलीस रेघ?" त्यांनी विचारलं.

"समोरून. स्क्रीनवर."

"लोक कुठून बघनार?"

"खालून."

"हाव. अकरा फूट उंच. सरळ रेघ वर चढली की पोट सोडती. मधी लोंबलेली दिसती. म्हणून चार फुटाला सव्वा सूत उचलायची. पेंटर लोक तसंच करत्यात. ह्याला बी न्हाई सांगितलं कवा." अश्वजितकडे बोट. "ह्याला कम्प्युटर येतो."

"बाबा, मी विचारलंच न्हाई," अश्वजित म्हणाला.

"हाव ना. दोघं बी न इचारता काम करनारे. जमंल तुमचं."

मी वही काढून हिशेब केला. इंचाचे आठ सूत. सव्वा सूत म्हणजे ३.९७ मिलिमीटर. मी मोजलेला बाक चार. फरक तीन शतांश. माझ्या मशीनचीही हमी एवढी नाही.

त्यांना आकडा सांगितला. "तीन शतांश म्हंजी किती?" विचारलं त्यांनी. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी, म्हटलं. थोडा विचार करून म्हणाले, "ब्रशचा केस निघाला आसंल."

बसपर्यंत सोडायला अश्वजित आला. मी म्हणाले, "आठ तारखेला जे बोलले ते बोलायला नको होतं."

"मॅडम, ते लाल पेनात लिहून पाठवा, मुद्दा क्रमांक टाकून," तो म्हणाला. मॅडम म्हणाला.


सोमवार, १५ डिसेंबर

खात्री करणं गरजेचं. काकांचा अनुभव पुरावा असू शकतो, पण पडताळा वेगळा.

वाया गेलेली नऊशेची फळी अप्पांनी खिळ्याला टांगून ठेवली होती. तिच्यावर माझी सरळ रेघ. शेडच्या दारावर अकरा फुटांवर लावली. शेजारी तेवढ्याच लांबीची, तीन मिलिमीटर बाकाची पट्टी कापून लावली. बारा पावलं मागे गेले.

सरळ रेघ मधोमध लोंबलेली दिसली. बाकदार पट्टी सरळ.

शिडीवर चढून दोरा ताणून पाहिला. सरळ ती सरळच होती. खाली उतरले. पुन्हा लोंबलेली.

अप्पा कमरेवर हात ठेवून शेजारी उभे. "पोट सुटलंय तिचं."

"हो."

"मला चाळीस वर्षांत न्हाई दिसलं. मी आपला साचा टेबलावर बघतो." मग माझ्याकडे बघून, "सांग की त्या पोराला. तू चुकली म्हणून."

"सांगितलं."

"कधी?"

"काल."

"आन बोलली काय काय अजून?"

साच्याची फळी निवडायची होती. निघून आले.


गुरुवार, १८ डिसेंबर

बाक ठेवून अक्षरं उठवली. आता नवी अडचण. साचा वाळूतून सुटा निघावा म्हणून अक्षरांच्या बाजू उभ्या ठेवत नाहीत, तळाशी रुंद करत आणतात. तीन अंशांचा ढाळ. बारा मिलिमीटर उंचीला प्रत्येक बाजू ०.६३ ने पसरते. 'हा'मधल्या ह च्या वळणात फट १.१ मिलिमीटर. लागतात १.२६. फट बुजते, सॉफ्टवेअर थांबतं.

दोन आठवड्यांपूर्वी मी फट रुंद करून पुढे गेले असते. (गेलेच होते. ४ तारखेच्या चित्रात ती रुंद आहे. काकांनी ते पाहिलं असणार आणि रेघेपुढे सोडून दिलं असणार.)

फोन केला. अश्वजितने काकांना दिला. ह चं तोंड एक मिलिमीटर उघडू का, विचारलं.

"उपाशी आसंल. उघड," काका म्हणाले. मग, "आन पुन्हा असलं काय लागलं तर इचारत जा. मी रिकामाच हाय."

संध्याकाळी पक्की फाइल आली. 'महामाया_सव्वा_सूत'.

पानाबाहेर दोन कप. जागा तीच, उजव्या कोपऱ्याखाली.

नोंद केली. हटवले नाहीत. फाइल जड होत नाही त्याने.


शनिवार, २० डिसेंबर

कापण्याआधी तीनदा मोजलं. अप्पांनी चौथ्यांदा, स्टीलच्या पट्टीने, मला दिसेल असं. ॲल्युमिनियम गार होताना आकसतं, म्हणून बाराशेला १२१५.६ घेतले. त्या हिशेबाने बाकही ४.०५ झाला. तोही तपासला.

फळी अप्पांच्या साठ्यातली शेवटची सागाची. पाच तास मशीनसमोरून हलले नाही. साचा उतरला. अप्पांनी शिरोरेघेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "ही पोरगी पुऱ्या दिवसाची हाय."


मंगळवार, २३ डिसेंबर

पहिली ओत वाया. 'या'च्या कोपऱ्यात धातू पोचला नाही. अप्पांनी वाळूला हवा जायला आणखी दोन वाटा ठेवल्या आणि दुपारी पुन्हा ओतलं. साचा दोन्ही वेळा सुटा निघाला. ह चं तोंड उघडं आहे.

त्याच वेळी नांदेडहून फोटो आला. राखीव फ्लेक्स छापून तयार, दुकानात गुंडाळून ठेवलेला. तयार अक्षरं, लाल-पिवळे रंग, कडेला फुलं. खाली लिहिलं होतं: 'आईचं नाव मलाच छापावं लागलं, ह्या अक्षरात. बोर्ड येतोय ना मॅडम?'

कळवलं: 'येतोय.' नंतर आणखी एक शब्द लिहिला: 'नक्की.' असा शब्द मी कामाच्या पत्रात वापरत नाही, कारण त्याला माप नसतं.


सोमवार, २९ डिसेंबर

घासून, रंगवून बोर्ड तयार. रुंदी ११९९.६. बाक ४.० मिलिमीटर.

अप्पांनी विचारलं, भोकरला कोण जाणार? बोर्ड बसवताना पातळी बघायला तांत्रिक माणूस लागेल, मी म्हणाले.

"हाव हाव," अप्पा म्हणाले. "तांत्रिक माणूस तर लागंलच."


शनिवार, ३ जानेवारी २०२६, भोकर

सकाळी नऊला बोर्ड लावला. पातळी बरोबर. पडदा हवा होता म्हणून व्यंकटरावांनी राखीव फ्लेक्स आणवला, उलटा करून पांढरी बाजू बाहेर ठेवली आणि त्यानेच बोर्ड झाकला. त्यासाठी तो अगदी मापाचा निघाला.

दोरी काकांनी ओढायची होती. हात थरथरत होता, दोरी डाव्या हाताला गुंडाळून ओढली. फ्लेक्स खाली पडला.

काका बारा पावलं मागे गेले. मी मोजली नाहीत, पण जागा तीच होती. मान वर करून बघत राहिले. लोक टाळ्या वाजवून थांबले, तरी बघतच होते.

"पोट न्हाई सोडलं," म्हणाले.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "बाजू लई गुळगुळीत केल्या गं तू. हातानं केल्यासारखं वाटतच न्हाई."

"ढाळ तीन अंशांचा आहे, काका. त्याशिवाय साचा निघत नाही."

"निघू दे, निघू दे. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून."

अश्वजितने पूर्ण कार्यक्रमात एक विनोद केला नाही. बोर्डाखाली उभा राहून वर बघत होता. कुणी चहा आणून दिला, कागदी कपात, तो तसाच हातात गार झाला. मीही शेजारी उभी होते. माझाही झाला.

परतीच्या गाडीला वेळ कमी होता. निघाले.


सोमवार, ५ जानेवारी

खालील पत्र आज पाठवलं. प्रत इथे उतरवून ठेवते.

श्री. अश्वजित सोनकांबळे, नांदेड यांस,

१. बोर्डाचं काम पूर्ण झालं. अंतिम मापं सोबत जोडली आहेत.

२. ८ डिसेंबरला मी फोनवर बोलले ते चुकीचं होतं. तुम्ही मुद्दा क्रमांक टाकून मागितलं होतं, म्हणून दोन.

३. तुमच्या फाइलींत पानाबाहेर आधी एक कप-बशी, मग दोन कप, मग दोन कप आणि एक बाक आढळले. ते बोर्डाचा भाग नव्हते म्हणून मी हटवले. १० डिसेंबरच्या फाइलमध्ये काही नव्हतं. तेव्हा मी तीनदा शोधलं.

४. १८ डिसेंबरच्या फाइलमध्ये दोन कप पुन्हा त्याच जागी आहेत. थरथर दोन्हीकडे जाते. दर वेळी एकाच बाजूला जाणारी गोष्ट कोणीतरी नेत असतं, असं काकांनी सांगितलं आहे. त्यामुळे तो कचरा आहे हा माझा निष्कर्ष मी मागे घेते.

५. काल दोन्ही कपांना जाडी देऊन पाहिली. पहिल्या प्रयत्नात उठले. एकही चूक नाही.

६. मात्र आकृतीत ठिकाण, दिवस आणि वेळ लिहिलेली नाही. लातूर आणि नांदेड यांच्यामध्ये अहमदपूर सोयीचं पडेल. चाकूर नको, तिथे माझी आई आहे. बसायला बाक असल्यास बरं, नसल्यासही चालेल.

कृपया शुक्रवार, ९ जानेवारीपर्यंत उत्तर कळवावं.

धम्मप्रिया